प्रसूतीनंतरची श्रोणिमेखला वेदना आणि भौतिकोपचार : स्वरूप, उपचारपद्धती व मर्यादा

सारांश

प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांत, विशेषतः कमरेच्या खाली मागील बाजूस व पुढे जघनास्थीजवळ, होणारी वेदना अनेक स्त्रिया 'बाळंतपणात असे व्हायचेच' असे मानून सहन करतात. प्रस्तुत लेखात या वेदनेची शरीररचनात्मक बाजू, तिची ओळख पटविण्याच्या चाचण्या, भौतिकोपचाराच्या प्रमुख पद्धती आणि त्यांस असलेला संशोधनाचा आधार यांचा परामर्श घेतला आहे. महाराष्ट्रातील पारंपरिक बाळंतपणाच्या रीतींचा या उपचारांशी मेळ कसा घालता येईल, याचाही विचार केला आहे. वैयक्तिक तपासणीवर आधारलेला, तज्ज्ञाच्या देखरेखीखालील क्रमवार व्यायाम हा या उपचाराचा गाभा असून पट्टा, मालिश, शेक व विश्रांती ही त्याची पूरक साधने आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्रोणिमेखला, त्रिक-श्रोणी सांधा, जघनसंधी, स्थिरीकरण व्यायाम, भौतिकोपचार, सूतिका परिचर्या.

१. प्रस्तावना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४.७ टक्के होते. माता व अर्भक यांचा जीव वाचविण्याच्या दृष्टीने ही प्रगती मोलाची आहे. मात्र प्रसूती सुखरूप झाली, टाके सुकले, बाळाचे वजन वाढू लागले, की मातेच्या शरीराकडे पाहण्याची वैद्यकीय दृष्टी बहुधा तेथेच थांबते. घरी परतलेल्या काही स्त्रियांना रात्री कुशीवर वळताना कमरेखाली कळ येते. जिन्याची पायरी चढताना पाय उचलत नाही. एका पायावर उभे राहून सलवार घालता येत नाही. ही तक्रार घरात सांगितली, तर 'आम्हीही बाळंतपणे काढली' असे उत्तर मिळते. दवाखान्यात सांगितली, तर कॅल्शियमच्या गोळ्या व वेदनाशामक औषध मिळते. दोन्हीकडे हेतू चांगला असतो. परंतु दुखणे नेमके कोठे व का आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

गर्भारपणाशी संबंधित श्रोणी व कंबरदुखीवरील संशोधनाच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे नमूद केले आहे, की गर्भवती स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के व प्रसूत स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांना या दोहोंपैकी एक किंवा दोन्ही त्रास होतात. केवळ श्रोणिमेखलेच्या वेदनेचा विचार केला, तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी गर्भवतींमधील तिचे प्रमाण सुमारे २० टक्के मानले आहे. बहुतांश स्त्रियांचे दुखणे प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत आपोआप ओसरते. परंतु ज्यांचे ओसरत नाही, त्या थोड्या स्त्रियांसाठी ते वर्षानुवर्षांचे दुखणे होऊ शकते. भौतिकोपचाराचा, म्हणजे बोलीभाषेतील फिजिओथेरपीचा, विचार मुख्यतः या स्त्रियांच्या संदर्भात करावयाचा आहे.

२. श्रोणिमेखलेची रचना व कार्य

श्रोणिमेखला म्हणजे हाडांचे एक कडे होय. दोन बाजूंस दोन नितंबास्थी आणि मागे, पाठीच्या कण्याच्या तळाशी, पाचरीसारखे त्रिकास्थी असते. त्रिकास्थी व दोन्ही नितंबास्थी जेथे जुळतात, ते दोन त्रिक-श्रोणी सांधे. वैद्यकीय व्यवहारात यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. पुढील बाजूस दोन्ही जघनास्थी तंतुमय कूर्चेच्या चकतीने जोडलेल्या असतात. हा जघनसंधी होय.

शरीराच्या वरच्या भागाचा भार कण्यातून त्रिकास्थीवर आणि तेथून दोन्ही पायांत उतरतो. चालताना हा भार क्षणाक्षणाला एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. त्रिक-श्रोणी सांध्यातील हालचाल अत्यंत अल्प, काही अंशांचीच असते. तरीही भार सुरक्षितपणे वाहून नेण्यासाठी ती नियंत्रणात राहणे आवश्यक असते.

हे नियंत्रण कसे साधते, याचे स्पष्टीकरण नेदरलँड्समधील अँड्री फ्लेमिंग व क्रिस स्नायडर्स यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या प्रतिमानात मिळते. त्यांच्या मते सांध्याची स्थिरता दोन गोष्टींतून येते. पहिली, हाडांचा आकार व पृष्ठभागावरील उंचवटे-खोबणी. कमानीच्या मधला दगड जसा दोन्ही बाजूंच्या दगडांत घट्ट बसतो, तसे त्रिकास्थी दोन नितंबास्थींच्या मध्ये बसते. दुसरी, स्नायू व अस्थिबंध यांनी सांध्यावर आणलेला दाब. ग्रंथालयातील दहा-बारा पुस्तकांची ओळ दोन्ही तळहातांनी बाजूंनी दाबून उचलली, तर एकही पुस्तक खाली पडत नाही. दाब सैल झाला, की मधली पुस्तके घसरतात. श्रोणिमेखलेच्या बाबतीत तळहातांचे हे काम पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, कण्यालगतचा मल्टिफिडस, श्रोणितळाचे स्नायू, नितंबस्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू हे एकत्रितपणे करतात. पुढे येणारा व्यायामाचा सर्व विचार याच मुद्द्यावर उभा आहे.

३. वेदनेची कारणमीमांसा

गर्भारपणात अस्थिबंध सैल होतात. रिलॅक्सिन या संप्रेरकाचा या क्रियेशी असलेला संबंध फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून प्रथम दाखविला. एरवी ४ ते ५ मिलिमीटर असलेले जघनसंधीचे अंतर गर्भारपणात आणखी २ ते ३ मिलिमीटरने वाढते. ही प्रसूतीची नैसर्गिक पूर्वतयारी असून ती प्रत्येक गर्भवतीत घडते. १० मिलिमीटरपेक्षा अधिक अंतर मात्र सामान्यतः विकृत मानले जाते.

तथापि सैलपणा म्हणजेच वेदना, असे समीकरण मांडता येत नाही. रक्तातील रिलॅक्सिनचे प्रमाण व वेदनेची तीव्रता यांत सुसंगत संबंध संशोधनात आढळलेला नाही. नेदरलँड्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच सैल असणाऱ्या स्त्रियांपेक्षा डावा व उजवा सांधा कमीअधिक सैल असणाऱ्या स्त्रियांत वेदनेचा संबंध अधिक दिसला. म्हणजेच सैलपणाच्या मात्रेइतकेच भाराच्या असमान वाटणीलाही महत्त्व आहे. गर्भाच्या वाढीने ताणलेले पोटाचे स्नायू, प्रसूतीत ताण पडलेले श्रोणितळाचे स्नायू आणि दुखण्यामुळे बदललेली चाल यांमुळे सांध्यावरील दाब विस्कळीत होतो. झोपेचा अभाव, मानसिक ताण आणि हालचालीची भीती यांनी वेदनेची जाणीव वाढते, हेही लक्षात घ्यावे लागते. पूर्वीची कंबरदुखी व श्रोणीला झालेली दुखापत हे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य केलेले ठळक जोखीम-घटक आहेत.

या संदर्भात दोन प्रचलित समजुतींची दखल घेणे आवश्यक आहे. सिझेरियनच्या वेळी 'पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे' कायमची कंबरदुखी लागते, असे सर्रास बोलले जाते. सुईच्या जागी काही दिवस हुळहुळणे शक्य असते. परंतु प्रसूतिवेदना शमविण्यासाठी पाठीतून दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल भुलीची दीर्घकालीन कंबरदुखीशी सांगड नियंत्रित चाचण्यांत आढळलेली नाही. इंजेक्शनला दोष दिल्याने खऱ्या कारणाची तपासणी मात्र राहून जाते. दुसरी समजूत 'सांधा सरकला आहे' ही होय. काही मिलिमीटरही न हलणारा सांधा घरच्या घरी 'बसवून घेण्याचे' प्रयत्न निरर्थक तर असतातच, शिवाय 'आपले शरीर मोडले आहे' ही भीती स्त्रीच्या मनात रुजवतात.

४. ओळख व तपासणी

नेहमीची कंबरदुखी कमरेच्या वरच्या भागात, कण्याच्या मध्यावर जाणवते. श्रोणिमेखलेची वेदना त्याखाली, नितंबास्थीच्या मागील कडेपासून नितंबाच्या घडीपर्यंतच्या पट्ट्यात, विशेषतः त्रिक-श्रोणी सांध्याजवळ असते. ती मांडीच्या मागील भागात उतरू शकते, तसेच जघनसंधीतही जाणवू शकते. उभे राहणे, चालणे व बसणे यांची क्षमता तिच्यामुळे घटते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोहोंचे उपचार एक नाहीत.

भौतिकोपचारतज्ज्ञ निदानासाठी एका चाचणीवर विसंबत नाहीत. रुग्णेला उताणे झोपवून खुबा काटकोनात वाकवून मांडीच्या हाडातून खाली दाब दिला जातो. नितंबात ओळखीची कळ आल्यास चाचणी सकारात्मक मानतात. जघनसंधीवर हलका दाब देऊन वेदना किती काळ टिकते, हे पाहिले जाते. एका पायावर उभे राहण्याची चाचणीही घेतली जाते.

यांपैकी सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे सरळ पाय स्वतःहून उचलण्याची. उताणे झोपलेल्या स्त्रीने गुडघा न वाकवता एकेक पाय सुमारे २० सेंटिमीटर उचलावयाचा असतो. प्रत्येक पायासाठी 'मुळीच अवघड नाही' (०) ते 'उचलताच येत नाही' (५) असे गुण ती स्वतः देते. त्यानंतर तज्ज्ञ दोन्ही नितंबास्थी बाजूंनी हातांनी दाबून धरतात व तीच कृती पुन्हा करवून घेतात. जड झालेला पाय आता सहज उचलला गेला, तर दोष पायाच्या ताकदीत नसून श्रोणिमेखलेवरील दाबात आहे, हे स्त्रीला स्वतःलाच अनुभवता येते. पुस्तकांच्या ओळीचा दृष्टान्त येथे प्रत्यक्षात उतरतो.

क्ष-किरण किंवा एमआरआय चाचण्यांचा उपयोग मुख्यतः अन्य आजार वगळण्यासाठी होतो. चित्रात सर्व काही 'नॉर्मल' आले, म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

५. भौतिकोपचाराच्या पद्धती

५.१ माहिती व दैनंदिन हालचालींतील बदल : उपचाराचा आरंभ आश्वासक व अचूक माहितीने होतो. दुखणे खरे आहे, ते बरे होण्याजोगे आहे आणि हालचाल केल्याने सांधा निखळणार नाही, या तीन गोष्टी स्त्रीला व घरच्यांना समजणे आवश्यक असते. कुशीवर वळताना दोन्ही गुडघे वाकवून जुळवावेत व खांदे-कंबर एकाच वेळी वळवावी. कपडे बसून घालावेत. जिना चढताना सुरुवातीस एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवावेत. बाळाला एका कडेवर दीर्घकाळ घेऊ नये. स्तनपानाच्या वेळी पाठीला आधार, पायाखाली पाट व मांडीवर उशी असावी, म्हणजे पुढे वाकून राहावे लागत नाही. आपल्याकडील मांडी घालून बसणे, उकिडवे बसून केर-फरशी करणे आणि भारतीय बैठकीचे शौचालय यांमुळे दुखणे वाढत असल्यास काही आठवडे खुर्ची, लांब दांड्याचा पोछा व कमोडची खुर्ची वापरता येते. हा बदल तात्पुरता असतो. मांडी कायमची वर्ज्य नाही.

५.२ स्थिरीकरण व्यायाम : हा उपचाराचा मुख्य भाग होय. त्याचे साधारणतः तीन टप्पे मानता येतात.

पहिल्या टप्प्यात खोलवरच्या स्नायूंची ओळख करून दिली जाते. उताणे, गुडघे वाकवून झोपावे. श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावे आणि श्वास न कोंडता काही सेकंद धरावे. याच्या जोडीने श्रोणितळाचे स्नायू वर खेचणे व पूर्णपणे सैल सोडणे शिकविले जाते. श्रोणितळाच्या व्यायामांची पद्धतशीर मांडणी अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये केली. ती मूलतः मूत्रनियंत्रणासाठी होती. श्रोणिमेखला वेदनेच्या काही रुग्णांत हे स्नायू दुबळे नसून सतत आवळलेले असतात. अशांना सरसकट 'आवळा-सोडा' सांगण्यापेक्षा आधी सैल सोडणे शिकवावे लागते. तपासणीविना दिलेला व्यायाम का फसतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसऱ्या टप्प्यात हेच नियंत्रण राखून हातापायांची हालचाल करावयाची असते : गुडघे वाकवून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणे, हात व गुडघ्यांवर ओणवे राहून एकेक पाय मागे नेणे. तिसऱ्या टप्प्यात उभ्याने करावयाचे व्यायाम येतात : खुर्चीतून न रेटता उठणे, पायरीवर चढ-उतार, रबरी पट्टा ओढून पाठीच्या स्नायूंना काम देणे व वेगाने चालणे. व्यायामाची मात्रा वेदना न वाढविता क्रमाने वाढवावयाची असते. व्यायामानंतर किंचित जडपणा येऊन तो दुसऱ्या दिवशी उरत नसेल तर मात्रा योग्य समजावी. रात्रीची वेदना वाढत असेल तर ती कमी करावी. सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी जखम भरेपर्यंत पोटावर ताण येणारे व्यायाम प्रसूतितज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सुरू करावेत.

५.३ श्रोणीपट्टा : हा अरुंद, न ताणला जाणारा किंवा अल्प ताणणारा पट्टा असतो. तो बांधला असता त्रिक-श्रोणी सांध्याची हालचाल घटते, हे प्रयोगांत दिसले आहे. २००६ च्या एका डच अभ्यासानुसार जघनसंधीच्या पातळीवर खाली बांधण्यापेक्षा कमरेच्या पुढील हाडांच्या उंचवट्यांच्या लगेच खाली बांधल्यास त्याचा परिणाम अधिक होतो. चालताना वा उभ्याने काम करताना तो अल्पकाळ वापरावा. दिवसरात्र बांधून ठेवल्यास त्याचा लाभ नाही, उलट स्नायूंनी करावयाचे काम पट्ट्यावर सोपविले जाते. गर्भारपणातील जघनसंधीच्या वेदनेवर न्यूझीलंडमध्ये झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्यायाम व सल्ला यांच्या जोडीला पट्टा दिल्याने अधिकचा फायदा आढळला नाही. पट्टा हा आधार आहे, उपचार नव्हे.

५.४ हस्तोपचार, शेक व विद्युत-उपचार : सांध्याभोवतालचे आखडलेले स्नायू सैल करणारे हस्तोपचार, मर्यादित शेक तसेच त्वचेवरून सौम्य विद्युत-स्पंदने देणारे टेन्स यंत्र यांनी वेदना काही काळ कमी होऊ शकते. या उसंतीचा उपयोग व्यायाम सुरू करण्यासाठी करून घ्यावयाचा असतो. केवळ यंत्राखाली पडून राहण्याच्या पंधरा बैठका पूर्ण केल्या आणि व्यायाम मात्र शिकलाच नाही, तर मूळ दोष तसाच राहतो.

६. संशोधनाचा आधार : तीन चाचण्यांची तुलना

प्रसूत्योत्तर वेदनेवरील व्यायामांविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तीन यादृच्छिक नियंत्रित चाचण्या शेजारी ठेवल्या असता हे स्पष्ट होते.

नेदरलँड्समध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४ स्त्रियांना तीन गटांत विभागले होते. एका गटाला धडाच्या तिरक्या स्नायूंचे व दुसऱ्याला उभ्या स्नायूंचे व्यायाम चित्रफितीद्वारे दिले. तिसऱ्याला व्यायाम न करण्यास सांगितले. आठ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत उल्लेखनीय फरक दिसला नाही.

नॉर्वेमध्ये ब्रिट स्टुगे व सहकाऱ्यांनी केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ स्त्रिया होत्या. दोन्ही गटांना भौतिकोपचार मिळाले. एका गटाला त्यात वैयक्तिक तपासणीनुसार ठरविलेले स्थिरीकरण व्यायाम दिले. हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ६० मिनिटे, १८ ते २० आठवडे करावयाचे होते. या गटातील स्त्रियांची दैनंदिन अक्षमता निम्म्याहून अधिक घटली, तर दुसऱ्या गटात नगण्य बदल झाला. प्रसूतीनंतर एक वर्षाने हा लाभ टिकून होता आणि दोन वर्षांच्या पाठपुराव्यातही तो दिसला.

स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८८ स्त्रियांचा समावेश होता. त्यात विशिष्ट स्नायूंचे व्यायाम घरी करावयास दिले होते. अक्षमतेच्या बाबतीत दोन गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.

या तिन्हींचे एकत्रित वाचन केल्यास 'व्यायाम उपयोगी की निरुपयोगी' हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणता व्यायाम, कोणासाठी, कोणाच्या देखरेखीखाली व किती काळ, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. अल्पकाळ, चित्रफीत पाहून केलेला आणि सर्वांना सारखाच दिलेला व्यायाम निष्फळ ठरला. तपासून दिलेला व पाच महिने टिकविलेला व्यायाम फलदायी ठरला. चाचण्यांतील स्त्रियांची संख्या मर्यादित असल्याने अंतिम निर्णय देता येत नाही, तरीही युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रसूतीनंतर स्थिरीकरण व्यायामांसह बहुविध उपचारांची शिफारस केली आहे. मोबाइलवरील चित्रफिती पाहून व्यायाम करण्याच्या आजच्या काळात या निष्कर्षाचे महत्त्व अधिकच जाणवते.

७. पारंपरिक बाळंतपण आणि भौतिकोपचार

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, तेलाची मालिश, शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, पोट बांधणे आणि डिंकाचे लाडू, अळीव असा आहार ही रीत सर्वपरिचित आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेला स्नेहपान देऊन तिचे उदर मोठ्या वस्त्राने वेष्टित करावे, असे सांगितले आहे. म्हणजे पोट बांधण्याची रीत फार जुनी आहे. या परंपरेचा खरा गाभा म्हणजे बाळंतिणीला कामातून सूट व दुसऱ्याच्या हाताची सेवा मिळणे. तिची थट्टा करणे किंवा ती जशीच्या तशी पुरेशी मानणे, ही दोन्ही टोके टाळावयास हवीत.

मालिशीने स्नायूंना आराम मिळतो व बाळंतिणीला मायेचा स्पर्श लाभतो. फक्त जघनसंधीवर व टाक्यांवर जोर देऊ नये. कंबरेवर पाय देऊन रगडणे टाळावे. शेक सोसवेल इतकाच असावा. पोटाला बांधलेली साडी व श्रोणीपट्टा एक नव्हेत, हे सर्वांत आधी समजावून सांगावे लागते. पहिली पोटावर असते, दुसरा हाडांच्या कड्यावर. पोट अतिशय आवळून बांधल्यास दाब खाली, आधीच ताणलेल्या श्रोणितळावर जाऊ शकतो. मध्ये खोलगट झालेल्या बाजेवर कुशीवर वळणे कठीण जाते. त्याऐवजी सपाट, घट्ट अंथरूण बरे. विश्रांती म्हणजे सव्वा महिना पडून राहणे नव्हे; सुखरूप प्रसूतीनंतर घरातल्या घरात चालणे व श्वासाचे सौम्य व्यायाम विश्रांतीतच बसतात. कोणतीही वैद्यकीय अडचण नसल्यास प्रसूत स्त्रियांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करावी व ती क्रमाने वाढवीत न्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे.

अर्थात सव्वा महिन्याची विश्रांती सर्वांच्या वाट्याला येत नाही. शेतमजूर, ऊसतोड कामगार व घरकाम करणाऱ्या स्त्रिया लवकर कामावर परततात. त्यांना 'वजन उचलू नका' हा सल्ला पाळणे अशक्य असते. हंडा-मोळी दोन खेपांत विभागणे, उचलताना ओझे शरीराजवळ धरणे व श्वास सोडत उठणे, असा शक्य कोटीतील सल्लाच त्यांच्या उपयोगी पडतो.

८. तातडीच्या वैद्यकीय तपासणीची लक्षणे

पुढील लक्षणे असल्यास भौतिकोपचारापूर्वी डॉक्टरांची तपासणी अनिवार्य आहे : ताप व वाढती वेदना, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे व वजन घटणे (आपल्याकडे सांध्याचा क्षयरोगही लक्षात घ्यावा लागतो), लघवी अडणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा जननेंद्रियाभोवती बधिरपणा, पायातील वाढता अशक्तपणा, एका पोटरीस सूज व वेदना, प्रसूतीच्या वेळी पुढे 'काहीतरी तुटल्याचा' आवाज येऊन नंतर चालता न येणे, आणि पाठीच्या मणक्यात अकस्मात तीव्र कळ येणे. यांमागे जंतुसंसर्ग, मज्जातंतूंवरील दाब, रक्ताची गुठळी, जघनसंधी विलग होणे किंवा हाडांची ठिसूळता असू शकते.

९. सेवा आणि सामाजिक जबाबदारी

२०११ मध्ये सुरू झालेल्या घरोघरी नवजात शिशू काळजी कार्यक्रमानुसार संस्थेत प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी देणे अपेक्षित आहे. या भेटींत 'कुशीवर वळताना दुखते का?' व 'झोपून पाय उचलताना जड वाटतो का?' हे दोनच प्रश्न विचारले, तरी उपचाराची गरज असलेल्या अनेक स्त्रिया वेळीच लक्षात येतील. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मात्र प्रश्न विचारल्यावर पाठविण्यासाठी जवळ भौतिकोपचारतज्ज्ञ असणे, ही पुढची गरज आहे.

नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ वरून २६ आठवडे केली. नॉर्वेतील चाचणीतील व्यायामाचा कालावधी १८ ते २० आठवड्यांचा होता, हे येथे लक्षात घ्यावे. रजेच्या आरंभीच निदान झाले, तर उपचार रजेतच पूर्ण होऊ शकतो. उशीर झाला, तर दुखणे सोबत घेऊनच कामावर परतावे लागते. महाविद्यालयांपुरते बोलावयाचे, तर रुजू झालेल्या अध्यापिकेस काही महिने तळमजल्यावरील वर्ग, व्यासपीठावर खुर्ची व सलग तासांच्या मध्ये उसंत देणे, हे वेळापत्रकातील किरकोळ बदलाने साधण्यासारखे आहे.

१०. निष्कर्ष

१) प्रसूतीनंतरची श्रोणिमेखला वेदना ही कंबरदुखीहून वेगळी, ओळखता येणारी व बहुतांशी बरी होणारी अवस्था आहे.
२) तिचे मूळ 'सरकलेल्या' सांध्यापेक्षा भार वाहून नेणाऱ्या स्नायूंच्या विस्कळीत नियंत्रणात अधिक आहे.
३) वैयक्तिक तपासणीनुसार दिलेले, देखरेखीखालील व सुमारे पाच महिने टिकविलेले व्यायाम उपयुक्त ठरल्याचा पुरावा आहे, सरसकट दिलेल्या व्यायामांना तसा आधार नाही.
४) पट्टा, शेक, मालिश व विद्युत-उपचार पूरक आहेत.
५) पारंपरिक बाळंतपणातील विश्रांती व सेवा जपून तिला हालचालीची जोड देणे शक्य व आवश्यक आहे.

बाळंतपण सोसण्याचे सामर्थ्य स्त्रीत असते, यात शंका नाही. परंतु ज्या दुखण्यावर उपाय आहे, ते सोसायला लावणे हा तिच्या सामर्थ्याचा गौरव ठरत नाही. बाळाची विचारपूस करावयास आलेल्या प्रत्येकाने बाळंतिणीलाही 'तुला उठता-बसता त्रास होतो का?' असे विचारले, तर उपचाराची पहिली पायरी तेथेच चढली जाईल.